डिझेल पिकअपचे मायलेज: कागदावरचे आणि रस्त्यावरचे

चार दारांचा, चारचाकी ड्राइव्हचा डिझेल पिकअप मी बराच काळ चालवतो आहे आणि प्रत्येक वेळी टाकी काठोकाठ भरून, कापलेले अंतर भरलेल्या लिटरने भागून त्याचे मायलेज नोंदवतो. डॅशबोर्डवरचा आकडा जवळजवळ नेहमीच या हिशेबापेक्षा जास्त निघाला, म्हणून त्यावर विसंबणे मी सोडून दिले.

मायलेजवर सर्वाधिक परिणाम वेगाचा होतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ताशी ८० किलोमीटरवरून १०० वर जाताना तो सुमारे ५६ टक्क्यांनी वाढतो, आणि उंच, चौकोनी तोंडाच्या या गाडीला तो एखाद्या सेडानपेक्षा फार जास्त सोसावा लागतो. महामार्गावर ८० चा वेग टिकवला की गाडी मला समाधानकारक मायलेज देते. १०० च्या पुढे मात्र टाकी डोळ्यांदेखत रिकामी होते.

शहरात वजन आडवे येते. सुमारे दोन टनांची गाडी प्रत्येक सिग्नलवर थांबवायची आणि पुन्हा हलवायची, यात खर्च होणारी ऊर्जा ब्रेकच्या उष्णतेत वाया जाते. हौदात माल असेल तर आणखीच. खडबडीत नक्षीचे मोठे टायर बसवल्यावर झालेली घट मला खरोखर खटकली, आणि मी मूळ टायर परत बसवले. टायरमधील हवा मात्र दर पंधरवड्याला तपासावीच.

नियमित माल वाहणाऱ्यांना ही गाडी मी निःशंकपणे सुचवेन. रोज एकट्याने कार्यालयात जाण्यासाठी नाही.