तिसऱ्या भागापासून वाचावे असे पुस्तक

स्टोइक विचार, म्हणजे सद्गुणालाच खरे हित मानणारे प्राचीन ग्रीक-रोमन तत्त्वज्ञान, म्हटला की वाचक सहसा मार्कस ऑरेलियस किंवा एपिक्टेटस यांच्याकडे वळतो; परंतु सद्गुणाची भाषा बाजारात कितपत टिकते हे पाहायचे असेल, तर रोमन वक्ता आणि राजकारणी सिसेरो याचे ‘दे ऑफिसिइस’ (‘कर्तव्यांविषयी’) हाती घ्यावे. सिसेरो स्वतः स्टोइक नव्हता, प्लेटोने स्थापलेल्या अकादमीच्या संशयवादी परंपरेतला होता. सीझरच्या हत्येनंतर काही महिन्यांनी, इ. स. पू. 44 मध्ये, अथेन्सला शिकणाऱ्या मुलासाठी त्याने हे तीन भाग लिहिले आणि पहिल्या दोहोंसाठी पॅनेशियस या स्टोइकाचा आधार घेतला.

पहिल्या भागातले न्यायाचे विवेचन भक्कम आहे. दुसऱ्यावरचा अन्याय रोखता येत असताना स्वस्थ बसणे हाही अन्यायच, हे तो निःसंदिग्धपणे मांडतो. पुढे मात्र मिरवणुकीसारखे संथ चालू नये आणि धापा लागेपर्यंत घाईही करू नये, इथवर उपदेश पोहोचतो, तेव्हा त्या मुलाची थोडी कीव येते. लोकांची मर्जी कशी संपादावी हे सांगणारा दुसरा भाग मी भराभर उलटला.

खरे पुस्तक तिसऱ्या भागात आहे. उचित आणि उपयुक्त यांत विरोध दिसला तर काय करावे, हा प्रश्न पॅनेशियसने हाती घेण्याचे कबूल करूनही सोडून दिला होता. तो सिसेरो स्वतःच्या बळावर पुढे नेतो. त्याचे एक उदाहरण असे: ऱ्होड्स या ग्रीक बेटावर धान्याची टंचाई आहे. एक सचोटीचा व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्य घेऊन येतो, आणि मागून धान्याची आणखी गलबते येत आहेत हे त्याने डोळ्यांनी पाहिलेले आहे. त्याने ते सांगावे, की गप्प राहून चढ्या भावाने माल विकावा? सांगायलाच हवे, असे अँटिपेटर म्हणतो. न सांगणे म्हणजे लपवणे नव्हे, असे त्याचा गुरू डायोजेनिस (पिंपात राहणारा प्रसिद्ध डायोजेनिस नव्हे, बॅबिलोनचा) बजावतो. दोघेही स्टोइक, हे विशेष. सिसेरोचा कौल अँटिपेटरला आहे: ज्यांना माहिती असणे हिताचे आहे, त्यांना आपल्या फायद्यासाठी अंधारात ठेवणे म्हणजेच लपवणे. तरीही डायोजेनिसची बाजू तो दुबळी करून मांडत नाही, म्हणून मला हा भाग उपदेशापेक्षा खटल्यासारखा वाचावासा वाटला.

माझ्या प्रतीत टिपा नाहीत, ही मोठी उणीव आहे. शिवाय भाषांतरकाराने सगळीकडे ‘कर्तव्य’ हा एकच शब्द योजला आहे. स्टोइकांचा मूळ ग्रीक शब्द ‘कॅथेकॉन’ म्हणजे प्रसंगाला साजेसे, समर्थन देता येईल असे वर्तन. ते सामान्य माणसाच्याही हातून घडते, निर्दोष कृती मात्र फक्त ज्ञानी पुरुषाची. हा फरक पुसला गेला की पॅनेशियसची शिकवण उगाच करडी भासते, म्हणून प्रत निवडताना आधी प्रस्तावना चाळावी.