जुन्या गाडीच्या रिमोट चावीसाठी रिकामं फ्लिप कव्हर

बटणांचं रबर फाटलंय, कडी तुटलीय, पण आतलं सर्किट धडधाकट आहे? मग पूर्ण नवी चावी घेऊ नका, रिकामं फ्लिप कव्हर (चावीचं पातं दुमडून आत जातं ते) पुरतं. जुनंच सर्किट आत बसतं, त्यामुळे प्रोग्रामिंग, म्हणजे चावी गाडीशी नव्याने जुळवणं, लागत नाही.

खरी मेख ट्रान्सपाँडर चिपमध्ये आहे, म्हणजे जिच्यावरून गाडी आपली चावी ओळखते ती चिप. छोटी काचेची नळी किंवा काळा चौकोनी तुकडा. बॅटरीशिवाय चालतो आणि जुन्या चाव्यांमध्ये बरेचदा सर्किटपासून वेगळा, कोपऱ्यात चिकटवलेला असतो. तो जुन्या कव्हरात राहिला तर दरवाजे उघडतील, पण इंजिन सुरू होणार नाही, किंवा होऊन लगेच बंद पडेल. स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका. हेअर ड्रायरने गोंद मऊ करून हलक्या हाताने काढा. काच तडकली की चिप गेलीच.

स्वस्त कव्हरांचा मोठा दोष बटणांत असतो. आतला खुंट आखूड असेल तर बटण स्विचपर्यंत पोचतच नाही. लांब असेल तर स्विच सतत दाबलेला राहून सेल झपाट्याने उतरतो. झाकण लावण्याआधी प्रत्येक बटणाची टकटक ऐकून घ्या. फ्लिपच्या स्प्रिंगला बसवताना पीळ द्यायला विसरलात तर पातं अर्धंच उघडतं.

सेल जुन्याच नंबरचा घ्या: सीआर २०३२ ची जाडी ३.२ मिमी, २०१६ ची १.६. दोन्ही ३ व्होल्टचे, पण पातळ सेल सैल बसतो.