‘रूह गुलाब’ म्हणून विकलेले तेल

दिवाळीच्या आणि लग्नसराईच्या तोंडावर मंगल कार्यालयांत, मैदानांवर जी विक्री-प्रदर्शने भरतात, त्यांत ‘थेट कनोजहून’, म्हणजे उत्तर प्रदेशातल्या अत्तरांसाठी प्रसिद्ध शहरातून, असा फलक लावलेला अत्तराचा एखादा तरी गाळा हल्ली असतोच. पुण्यातल्या अशाच एका गाळ्यावर आमची फसवणूक झाली. तिची पद्धत इतकी घोटून बसवलेली होती की, येत्या हंगामात ती आणखी अनेकांवर वापरली जाईल याविषयी मला शंका नाही. म्हणून हा प्रकार तपशिलाने लिहीत आहे.

भाचीच्या लग्नात पाहुण्यांना लावण्यासाठी आणि व्याह्यांना भेट देण्यासाठी आम्हांला गुलाबाचे चांगले अत्तर हवे होते. विक्रेत्याने नक्षीदार कुपीचे काचेचे बूच काढून त्याचे टोक माझ्या मनगटामागे टेकवले आणि म्हणाला, “काका, घाई करू नका, बाकीचेही बघून घ्या.” तो गुलाब खरोखरच अस्सल होता. किंचित मधासारखा, किंचित तिखट असा तो वास दुसऱ्या दिवशीही सदऱ्याच्या बाहीला होता. त्यानंतर त्याने खस, केवडा, हिना आणि ऊद यांचे फाये एकामागून एक आमच्या नाकाशी धरले. ही आदरातिथ्याची रीत वाटली, तरी तिचा खरा उपयोग वेगळाच असतो, कारण चार-पाच उग्र वास लागोपाठ घेतल्यावर नाक बधिर होते आणि पुढे हातात पडलेल्या मालातला फरक कळेनासा होतो. खरेदी ठरल्यावर त्याने त्या नक्षीदार कुपीतून काहीही ओतले नाही. टेबलाखालच्या खोक्यातून ‘रूह गुलाब’, म्हणजे गुलाबाचे शुद्ध तेल, असे सांगून तोळ्याच्या सीलबंद बाटल्या काढून दिल्या. दर तोळ्याला 2,800 रुपये होता आणि वर ‘दुकानात हेच आठ हजारांना मिळते’ हे ठरलेले वाक्य होतेच.

घरी बाटली उघडली तेव्हा सरबतातल्या गुलाबासारखा गोडसर वास एकदम अंगावर आला आणि अर्ध्या तासात नाहीसा झाला. हातावर उरला तो चिकट, बिनवासाचा थर. त्यापूर्वीच वहिनींनी पैठणीच्या पदराला एक फाया टेकवून पाहिला होता. तिथे पडलेला तेलकट डाग ड्रायक्लीनिंगनेही पूर्ण गेलेला नाही. मापातही तीच लबाडी होती. एक तोळा म्हणजे 11.66 ग्रॅम, पण जाड तळाच्या त्या बाटलीतले तेल औषधाच्या सिरिंजने मोजले, तर ते सहा मिलिलिटरही भरले नाही.

पेठेतल्या एका जुन्या अत्तरवाल्यांकडे आम्ही ती बाटली नेली. त्यांनी एक थेंब टीपकागदावर टाकला आणि आपल्याकडच्या चंदनाच्या अत्तराचा एक थेंब शेजारच्या कागदावर टाकून दोन्ही कागद घरी न्यायला सांगितले. दुसऱ्या दिवशी चंदनाचा डाग वासासह टिकून होता. आमच्या ‘रूह गुलाबा’चा डाग तेवढाच मोठा आणि ओलसर होता, वास मात्र शून्य. त्यांच्या मते ते लिक्विड पॅराफिनमध्ये (बिनवासाच्या खनिज तेलात) मिसळलेले कृत्रिम सुगंधद्रव्य होते. ही प्रयोगशाळेतली तपासणी नव्हे, हे मान्य. पण गिऱ्हाइकाला घरी करता येण्याजोगी आहे.

खरे तर दरावरूनच हा माल ओळखता येतो. गुलाबाचे एक किलो शुद्ध तेल मिळण्यासाठी साधारण चार टन फुले लागतात, म्हणजे एका तोळ्यामागे पंचेचाळीस किलोंच्या आसपास. फुलांचा दर किलोला शंभर रुपये धरला, तरी नुसत्या फुलांचेच साडेचार हजार होतात. सरपण, मजुरी, वाहतूक आणि नफा निराळाच. कनोजला पारंपरिक पद्धतीत तांब्याच्या देगेत (मोठ्या हंड्यात) फुले आणि पाणी घालून तोंड लिंपून बंद करतात आणि वाफ बांबूच्या चोंग्यातून भपक्यात, म्हणजे ती गोळा करणाऱ्या भांड्यात, उतरवतात. भपक्यात चंदनाचे तेल घेतले तर अत्तर होते, आणि ते न घेता नुसते फुलांचे तेल काढले तर ती रूह. चंदन महागल्यापासून पुष्कळ जण त्याऐवजी स्वस्त द्रव वापरतात. तसे स्पष्ट सांगून दीड-दोनशे रुपयांना कुपी विकणाऱ्यांविषयी माझी काहीच तक्रार नाही, रोजच्या वापराला ती चांगलीही असते.

आमच्या विक्रेत्याने कनोजच्या अत्तराला मिळालेल्या भौगोलिक मानांकनाची प्रत लॅमिनेट करून टेबलावर उभी केली होती. हे मानांकन त्या प्रदेशातल्या उत्पादनाचे असते; ते वापरण्याचा अधिकार नोंदणीकृत वापरकर्त्यांना असतो, त्यामुळे त्या यादीतले आपले नाव विक्रेत्याने दाखवायला हवे. बाटलीच्या चिठ्ठीवर सोनेरी अक्षरांत फक्त ‘रूह’ एवढेच छापलेले होते. वास्तविक सीलबंद मालावर उत्पादकाचे नाव-पत्ता, निव्वळ माप, उत्पादनाचा महिना व वर्ष आणि कमाल किरकोळ किंमत असावीच लागते. ज्या कुपीतून नमुना लावला त्याच कुपीतून, आपल्या डोळ्यांदेखत बाटली भरून द्यायला विक्रेता तयार नसेल, तर व्यवहार तिथेच थांबवावा. नमुना मनगटावर घेऊन तास-दोन तास बाहेर फिरून यावे, आणि ‘सवलत आत्तापुरतीच आहे’ असे कोणी म्हणाले तर परतूच नये.

आम्हांला मिळालेल्या पावतीवर ‘परफ्यूम, 4 नग’ आणि एक मोबाइल क्रमांक आहे, जो प्रदर्शन संपल्यापासून बंद लागतो. आयोजकांनी गाळेधारकाचा पत्ता देण्याचे नाकारले. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवली असून, कमी मापाबद्दल वैध मापन शास्त्र विभागाकडे वेगळा अर्ज दिला आहे. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दाद मागता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्कही लागत नाही. मात्र तिथे प्रतिवादीचे नाव आणि पत्ता लिहावा लागतो, आणि तूर्त आमचे प्रकरण अडले आहे ते नेमके त्याच रकान्यापाशी.