जुना गेमिंग पीसी: आधी ग्राफिक्स कार्ड की प्रोसेसर?

समजा, पीसी 2017 च्या सुमाराचा आहे: रायझन 5 1600 प्रोसेसर, जीटीएक्स 1060 ग्राफिक्स कार्ड आणि बी350 मदरबोर्ड. बजेट एकाच भागापुरतं. तर आधी नेहमीचा गेम लावा आणि रिझोल्यूशन (चित्रातल्या ठिपक्यांची संख्या) 1080पी वरून 720पी वर आणा. एफपीएस (दर सेकंदाला दिसणारी चित्रं) भराभर वाढले, तर अडतंय ते कार्डापाशी. जागचे हलले नाहीत, तर प्रोसेसर दमलाय.

प्रोसेसर घ्यायचा तर रायझन 5 5600. कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) तेवढेच 6, वॅट तेवढेच 65, पण एकेक कोअर कितीतरी चपळ. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक 2 खेळणाऱ्यांनी हाच घ्यावा. मात्र जुना प्रोसेसर काढण्याआधी बायोस (मदरबोर्डमधलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करावं लागतं, आणि ते चालू असताना लाइट गेली तर बोर्डच बसू शकतो. यूपीएस असेल तरच हात घाला.

माझा कौल मात्र कार्डाला, कारण मोठे, देखणे गेम बहुतेक वेळा तिथेच अडतात. आरएक्स 6600 या कार्डाला 8 जीबी मेमरी आहे आणि ते 132 वॅट खातं. 1060 चे 120 होते, त्यामुळे चांगला एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) सहसा बदलावा लागत नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा 45 कडे जातो, तेव्हा दुप्पट वॅटचं कार्ड खोलीची भट्टी करतं. आणि खोलीतल्या पाण्याच्या कूलरचा झोत कॅबिनेटवर सोडू नका. त्या ओलाव्याने फिनमधली (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांमधली) धूळ चिकटून बसते, ब्रशनेही निघत नाही.