मेट्रो 3: गाडी उत्तम, जिन्यांचा हिशेब वेगळा ठेवा

मुंबईची मेट्रो 3 म्हणजे कफ परेड ते आरे हा 33.5 किलोमीटरचा मार्ग. 27 स्थानकांपैकी फक्त आरे जमिनीवर, बाकी सगळी खाली. आरे ते बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल) ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झालं, मे 2025 मध्ये गाडी आचार्य अत्रे चौकापर्यंत आली आणि ऑक्टोबर 2025 मध्ये कफ परेडला पोचली. लोकल जिथे कधी गेलीच नाही, तिथे या मार्गाचं खरं मोल आहे: काळबादेवी, गिरगाव, वरळी, सिद्धिविनायक, बीकेसी, विमानतळाची दोन्ही टर्मिनलं, सीप्झ.

गिरगाव-काळबादेवीची स्थानकं तर आवर्जून बघावीत. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना जुन्या चाळी, वरून सगळं उकरायला जागाच नाही. म्हणून मर्यादित जागेत खोल खड्डा घेऊन, तिथून आत टप्प्याटप्प्याने खोदत आणि लगेच आधार देत ही स्थानकं उभी केली. मुंबईत इतकं अवघड बांधकाम क्वचित झालं असेल.

गाडी आठ डब्यांची, वातानुकूलित. वीज 25 हजार व्होल्टची, पण बोगद्यात ताणलेल्या तारेऐवजी छताला ताठ पट्टी बसवली आहे. तिच्यावर ताण नसतो, त्यामुळे तार तुटून गाड्या खोळंबण्याचा प्रकार टळतो आणि उंचीही कमी लागते. फलाटाच्या कडेला पूर्ण उंचीचे दरवाजे आहेत. गाडी नेमक्या जागी थांबल्यावरच दोन्ही दारं उघडतात. रुळांवर पडण्याची भीती नाही, आणि फलाटावरची थंड हवा बोगद्यात जात नाही.

भाडं 10 ते 70 रुपये. आरे ते बीकेसी 50. चर्चगेट ते अंधेरी लोकलचं दुसऱ्या वर्गाचं तिकीट 10 रुपयांत मिळतं, पासवर तर फरक आणखी वाढतो. दोन्ही टोकं लोकलच्या स्थानकाजवळ असतील तर रोजच्या खर्चाला मेट्रो परवडत नाही. वरळीहून बीकेसी किंवा गिरगावातून विमानतळ असा प्रवास असेल, तर टॅक्सीच्या तुलनेत हे भाडं काहीच नाही.

तिकिटाचं आधीच बघून ठेवा. कफ परेडपर्यंत मार्ग सुरू झाला तेव्हा खाली मोबाइलचं नेटवर्क नव्हतं. तिकीट खिडकीच्या मजल्यावर वायफाय दिलं, फलाटावर ते कामाचं नव्हतं. क्यूआर तिकीट रस्त्यावर असतानाच काढावं. त्याहून सोयीचं एनसीएमसी, म्हणजे देशभरच्या प्रवासासाठीचं एकच कार्ड: पैसे कार्डाच्या चिपमध्येच असतात, म्हणून गेटला नेटवर्क लागत नाही. एक घोळ मात्र नेहमी होतो. ऑनलाइन भरलेले पैसे आपोआप चिपवर चढत नाहीत. यंत्रावर किंवा खिडकीवर कार्ड अद्ययावत करून घ्यावं लागतं. ते राहिलं की खात्यात पैसे असूनही गेट उघडत नाही.

गाडी बदलायला मरोळ नाका सर्वांत महत्त्वाचं, कारण वर घाटकोपर-वर्सोवा मेट्रो 1 आहे. दोन्ही मार्ग वेगवेगळ्या कंपन्यांचे. 'मुंबई वन' अ‍ॅपवर दोन्हींची तिकिटं एकत्र काढता येतात, पण जमिनीखालून उन्नत फलाटापर्यंतची चढण काही चुकत नाही. दादरला नाव फसवं आहे: मेट्रोचं स्थानक पश्चिमेला गोखले रोडखाली, तिथून रेल्वेपर्यंत बाजाराच्या गर्दीतून चालावं लागतं. फलाट खोल असल्याने कुठल्याही भूमिगत स्थानकात रस्त्यापासून गाडीपर्यंत पाचेक मिनिटं धरा. बाहेर पडताना गेटाआधीच नकाशा बघा. चुकीच्या तोंडाने वर आलात तर मोठा रस्ता ओलांडावा लागतो. ज्येष्ठांनी लिफ्ट कुठल्या तोंडाला आहे ते आधी विचारावं.

पावसाचं काय? 26 मे 2025 ला आचार्य अत्रे चौक स्थानकात पाणी शिरलं आणि गाड्या वरळीपर्यंतच चालवाव्या लागल्या. प्रवेशद्वाराचं काम अपुरं होतं आणि तिथली पाणी अडवणारी भिंत कोसळली. भूमिगत मेट्रोची दुबळी जागा अशी प्रवेशद्वाराशीच असते. त्या दाराचं काम पुरं होण्याआधी पावसाळ्याच्या तोंडावर स्थानक उघडायला नको होतं.

पहिली गाडी पहाटे 5.55 ला, शेवटची दोन्ही टोकांहून रात्री 10.30 ला. विमानतळ जोडणाऱ्या मार्गाला हे फार तोकडं आहे, कारण मध्यरात्रीनंतरच्या विमानांना जाता-येता मेट्रो मिळतच नाही. रात्री बोगद्यात देखभालीला वेळ हवा हे मान्य, तरी निदान साडेअकरापर्यंत गाड्या हव्यातच. तोवर रात्री साडेदहानंतर उतरणाऱ्यांनी टॅक्सीच धरावी.