मालवा उत्सवाचा शिल्पबाजार: दोनदा जा, एकदाच घ्या

मे महिन्यात इंदूरचं ऊन चाळिशीपार जातं, पण सूर्य कलला की वारा सुटतो. जुनी माणसं ज्याला शब-ए-मालवा म्हणतात ती हीच वेळ, आणि लालबागेतला मालवा उत्सव तिच्याच भरवशावर भरतो. प्रवेश फुकट. शिल्पबाजार दुपारी उशिरा रंगात येतो, लोकनृत्यं अंधार पडल्यावर. मागे होळकरांचा 1886 ते 1921 या काळात उभा राहिलेला लालबाग महाल आहे, पण तो बघायचा तर वेगळ्या दिवशी सकाळी या. दोन्ही एका संध्याकाळी उरकायला गेलं तर एकही धड होत नाही.

तिकीट नसल्याचा खरा फायदा असा की दोनदा जाता येतं. पहिली फेरी आठवड्याच्या मधल्या वारी, दुकानं उघडताउघडता. तेव्हा कारागिराला बोलायला फुरसत असते आणि कापड दिवसाच्या उजेडात बघता येतं. पिवळ्या दिव्याखाली लाल आणि विटकरी सारखेच दिसतात. ही फेरी फक्त बघण्याची. खरेदी दुसऱ्या फेरीत, आणि तीही नाच सुरू होण्याआधी. एकदा मंचावरचा ढोल सुरू झाला की भावाची घासाघीस खुणांनीच करावी लागते.

इथे सगळ्यात घेण्यासारखी गोष्ट म्हणजे धार जिल्ह्यातली बाग छपाई, आणि सर्वाधिक नकलाही तिच्याच असतात. खऱ्या बाग कापडात मूळ रंग दोनच: काळा आणि लाल. काळा येतो गंजलेलं लोखंड गुळाच्या पाण्यात आंबवून, लाल येतो तुरटीने. छपाईआधी कापड हरड्याच्या पाण्यातून काढतात. त्यातल्या टॅनिनशी लोखंड मिळालं की काळा पक्का होतो. नंतर तांब्याच्या भट्टीत आलिझरीन हा लाल रंग आणि धावड्याची फुलं घालून कापड उकळतात, तेव्हा कुठे तुरटीचे फिकट ठसे लाल होतात.

हे माहीत असलं की तपासणी सोपी जाते. कापड उलटं करा. ठशाच्या कामात नक्षी मागेही उतरलेली दिसते. जाळीछापात (स्क्रीन प्रिंटमध्ये) रंग वरवर बसतो, बोटाला किंचित कडक लागतो. मग किनारीवर नजर फिरवत जा. ठसा जिथे ठशाला मिळतो तिथे कुठे केसभर फट, कुठे किंचित चढ असतोच. सगळे सांधे तंतोतंत जुळत असतील तर ते ठशाचं काम नव्हे. शेवटी ओला पांढरा रुमाल लाल भागावर चोळा. चांगल्या कापडाचा रंग जवळजवळ लागत नाही.

कुर्त्यासाठी अडीच मीटर घेतलं की पुरतं. हे कापड बनतानाच इतक्यांदा धुतलं आणि उकळलं जातं की नंतर फारसं आटत नाही. पहिल्या दोन धुण्या वेगळ्या, थंड पाण्यात, वाळवण सावलीत. एक मात्र जपा: पंगतीत लिंबू उडालं तर लगेच धुवा. आंबटाने लोखंडाचा काळा विरतो आणि पिवळट डाग कायमचा राहतो.

महेश्वरीचं दालन असलं तर गर्दी तिथेच. साडीचा ताणा रेशमाचा, बाणा सुताचा, म्हणून ती उन्हाळ्यात अंगाला चिकटत नाही. खूण काठात आहे. बुगडी काठ दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो, म्हणून साडी उलटसुलट नेसता येते. काठामागे कातरलेल्या धाग्यांची लव दिसली तर साडी खाली ठेवा. पारंपरिक पदरावर पाच पट्टे: तीन रंगीत, मध्ये दोन पांढरे. शंका असेल तर पदराच्या दशीतला ताण्याचा एक धागा मागून जाळून बघा. रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि राख चुरडते. कडक मणी झाला तर कृत्रिम. खरा विणकर धागा द्यायला कां-कूं करत नाही.

उज्जैनजवळच्या भेरूगढच्या बाटिकमध्ये, म्हणजे मेण लावून रंगवलेल्या कापडात, मेणाच्या भेगा बघा. त्याच आकाराची भेग हातभर अंतरावर पुन्हा सापडली की ती छापलेली. इंदूरची कातडी खेळणी देखणी असतात, आत तारेचा सांगाडा असतो. फळीवर ठेवून चारही पाय टेकतात का तेवढं बघा. पावसाळ्यात बंद कपाटात ठेवलीत तर बुरशी येणार. बस्तरच्या ढोकऱ्याला, म्हणजे पितळेच्या ओतीव मूर्तीला, चुंबक लावावं; चिकटला तर ते पितळ नव्हे.

माठ घेणार असाल तर रंगवलेला, वार्निश मारलेला घेऊ नका, कितीही सुरेख असो. माठ गार करतो तो अंगातून पाणी झिरपून वाफ झाल्याने. वरची छिद्रं बुजली की ते नुसतं मातीचं भांडं. टिचकी मारून खणखणीत आवाज येतो का पाहा. भद्द आवाज म्हणजे कुठे तरी तडा आहे.

भावाबद्दल: कारागीर आणि व्यापारी शेजारीशेजारी बसतात. कारागिराकडे हस्तशिल्प विभागाचं ओळखपत्र असतं, पण त्याहून चांगली परीक्षा म्हणजे प्रश्न. भट्टी किती तास, ठसे कोणत्या लाकडाचे, असं विचारा. खरा माणूस दहा मिनिटं सोडत नाही. दुसरा म्हणतो, "भिया, माल तो एक नंबर है." पहिल्याकडे घासाघीस करू नका, दुसऱ्याकडे हवी तेवढी करा. सुट्टे पैसे न्या; गर्दीत फोनचं जाळं हटकून दगा देतं.

नाचांचे संघ वर्षागणिक बदलतात. निमाडचं गणगौर किंवा झाबुआचं भगोरिया सुंदरच, पण कार्यक्रमपत्रिकेत गुजरातच्या आफ्रिकी वंशाच्या सिद्दींचं धमाल असेल तर तो दिवस चुकवू नका. हवेत फेकलेला नारळ डोक्यावर झेलून फोडतात. मंचाच्या अगदी पुढे बसू नका, मे महिन्यातली धूळ आणि भोंगे दोन्ही तिथेच.

परतताना दाराशी रिक्षा शोधत उभं राहण्यापेक्षा महूनाक्याकडे चालत निघा. जेवण मेळ्यात उरकू नका. सराफ्यात सोन्याचांदीची दुकानं बंद झाली की त्यांच्याच पायऱ्यांपुढे खाण्याच्या गाड्या लागतात. भुट्ट्याचा कीस घ्या, वर शिकंजी. इथली शिकंजी म्हणजे लिंबूपाणी नव्हे, सुका मेवा घातलेली दाट दुधाची. गराडू, म्हणजे तळलेला कंद, मात्र मागू नका, तो थंडीतला.