तयार उभी असलेली घोडी

मी हौशी पोलो खेळाडू आहे. नोकरी सांभाळून आठवड्यातून दोनदा मैदानावर जाते, आणि उणे दोनपासून दहापर्यंत मोजल्या जाणाऱ्या हँडिकॅपमध्ये, म्हणजे खेळाडूच्या कौशल्याच्या श्रेणीत, सहा वर्षे खेळूनही माझा आकडा उणे एकच्या वर सरकलेला नाही. हे सुरुवातीलाच सांगते, कारण ज्या माणसाने मला फसवले त्याने घोडीबद्दल जेवढे दडवले, त्याहून अधिक माझ्याबद्दल आधी जाणून घेतले होते. मी भाड्याच्या घोड्यांवर खेळते, स्वतःच्या घोड्यासाठी कित्येक वर्षे पैसे बाजूला टाकते आहे आणि घोडा पारखण्याचा मला अनुभव नाही, हे तिन्ही त्याला मैदानाच्या कडेला झालेल्या गप्पांतून कळले होते. ते मीच त्याला सांगितले होते.

भाड्याच्या घोड्यावर खेळणाऱ्याचे मन मैदानाबाहेरच्या माणसाला चटकन कळणार नाही. एक चकर, म्हणजे सामन्याचा एक डाव, 7 मिनिटांचा असतो, आणि घंटा झाल्यावरही चेंडू खेळात असेल तर तो फार तर 30 सेकंदांनी लांबतो. एवढ्या वेळात सुमारे 300 यार्ड लांबीच्या मैदानावर घोडा भरधाव पळतो, जागच्या जागी थांबतो आणि उलट फिरून पुन्हा पळतो. म्हणूनच प्रत्येक चकराला ताजा घोडा घेण्याची पद्धत आहे. दर वेळी नवा घोडा मिळाला की त्याचे तोंड किती नरम, तो कोणत्या बाजूला लवकर वळतो, शेजारून दुसरा घोडा खेटला की बुजतो का, हे कळेकळेपर्यंत घंटा होते. आपली एक घोडी असावी, तिला माझी मांड कळावी आणि मला तिची चाल कळावी, एवढीच माझी इच्छा होती. त्या माणसाने नेमका याच इच्छेला हात घातला.

तो स्वतः खेळत असे, चार लोकांत ऊठबस होती, बोलणे मृदू होते. घोडी त्याच्याच मालकीची आहे, 9 वर्षांची आहे, पोलोत मुरलेली आहे, आणि आता खेळणे कमी करायचे असल्याने तो ती योग्य माणसाच्या हाती देऊ इच्छितो, असे त्याने सांगितले. एक चित्रफीतही पाठवली. तीत ती काळ्या अयाळीची तांबूस घोडी इतक्या सहजतेने वळत होती की मी ती त्या रात्री अनेक वेळा पाहिली. ती प्रत्येक वेळी उजवीकडेच वळते आहे, हे माझ्या ध्यानात पुढे दोन महिन्यांनी आले.

पाहायला जाण्याची वेळ त्याने ठरवली. मी सकाळी येते म्हटले, तर त्याने दुपारी चारच सोयीचे आहेत असे सांगितले आणि निघताना फोन करण्याचा आग्रह धरला. मी पोहोचले तेव्हा घोडी खोगीर कसून, चारही पायांना पट्ट्या बांधून तयार उभी होती. पोलोच्या घोड्याच्या पायांना पट्ट्या असणे हे नेहमीचेच, त्यामुळे त्यात मला काही वावगे वाटले नाही. पण खोगिराखालच्या कापडाच्या कडेला घाम वाळून पांढरी रेघ उमटलेली मी पाहिली होती. ज्या घोडीवर त्या दिवशी अजून कोणी बसलेच नव्हते, असे मला सांगण्यात आले, तिच्या अंगावर वाळलेला घाम कुठून आला, हा प्रश्न मी तेव्हा विचारायला हवा होता. तिने मान खाली टाकली होती, खालचा ओठ लोंबत होता आणि डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून पांढरट पडदा थोडा पुढे आलेला दिसत होता. मी त्याला शांत स्वभाव समजले. मोतद्दार जवळ आला आणि काहीतरी सांगायला थांबल्यासारखा वाटला, तेवढ्यात मालकाने त्याला पाणी आणायला पाठवले.

मी तिला कडक जमिनीवर दुडक्या चालीने फिरवू लागले तेव्हा त्याने लगेच हाक मारली आणि नाल नवी आहे, मऊ मातीत घ्या, असे सुचवले. मऊ मातीत ती सुरेख चालली. मी तिच्यावरून चेंडूला दहा-बारा फटके मारले, एकदाही तिने मान झटकली नाही. खाली उतरले तेव्हा माझा निर्णय झालेला होता आणि तो माझ्या चेहऱ्यावर दिसत असणार. कारण त्यानंतरच त्याने सांगितले की दुसरा एक खेळाडू उद्या सकाळी घोडी न्यायला येतो आहे, पण मी आजच इसार दिला तर तो त्याला नाही म्हणून कळवील.

मी पशुवैद्याकडून तपासणी करून घेण्याचा विषय काढला होता, हे मला नमूद केले पाहिजे. त्यावर त्याने एक महिन्यापूर्वीचे तपासणीचे प्रमाणपत्र आणि घोडीचे ओळखपत्र पुढे केले. प्रमाणपत्र ठीक होते, सही-शिक्का होता. वेगळा खर्च कशाला, असे तो म्हणाला, आणि मलाही ते पटले. विक्रेत्याने दाखवलेले प्रमाणपत्र म्हणजे आपली तपासणी नव्हे, हे समजण्याइतकी मी शिकलेली आहे. तरीही त्या क्षणी मला ती घोडी हवी होती आणि प्रमाणपत्रामुळे मला थांबावे लागत नव्हते. त्याने लिहिलेल्या चिठ्ठीत घोडी पाहून, चालवून, पसंत करून आहे त्या स्थितीत घेतली असे एक वाक्य होते. त्याखाली मी सही केली आणि दुसऱ्या दिवशी उरलेली पूर्ण रक्कम दिली.

घोडी माझ्याकडे आल्यावर पहिल्या सकाळी ती शांत घोडी नाहीशी झालेली होती. खोगीर पाठीवर ठेवताच ती कान मागे पाडून सरकू लागली, रिकिबीत पाय घातला की पुढे उसळू लागली. नवी जागा आहे म्हणून मी तिला तीन दिवस सोडले. चौथ्या दिवशी तिला हाती धरून दुडक्या चालीने चालवले तेव्हा पुढचा डावा पाय टेकला की तिची मान वर उचलली जात होती. डावीकडे गोल फिरवल्यावर तर नवख्यालाही दिसावे इतके ती लंगडत होती. मी त्याला फोन केला. प्रवासाचा शीण असेल, आठवडाभर विश्रांती द्या, असे त्याने अत्यंत आपुलकीने सांगितले, आणि मी विश्रांती दिली. या एका आठवड्याची त्याला गरज होती, हे मला नंतर उमगले.

नालबंदाने सर्वांत आधी सत्य सांगितले. त्याने खूर मांडीवर घेऊन नाल काढली, टाचेकडचा ठसा बोटाने दाखवला आणि म्हणाला, ‘ही नाल सौद्याच्या चार दिवस आधी बसवलेली दिसते. त्याच्याआधी हिला टाचेला आधार देणारी बंद नाल होती. दुखऱ्या पायाच्या घोड्यालाच ती बसवतात.’

बाराव्या दिवशी मी माझ्या निवडीच्या पशुवैद्याला बोलावले. त्यांनी खुराला चिमटा लावून टाचेच्या मधल्या भागावर दाब दिला तेव्हा घोडीने पाय ओढून घेतला. मग टाचेच्या वर, पायाच्या मागच्या दोन्ही बाजूंनी जाणाऱ्या नसांभोवती त्यांनी बधिरतेचे इंजेक्शन दिले आणि दहा मिनिटांनी तिला पुन्हा चालवायला सांगितले. डाव्या पायाचे लंगडणे थांबले होते आणि ती आता उजव्या पुढच्या पायाने लंगडत होती. दुखणे दोन्ही पायांत होते. डावा जास्त दुखत असल्याने उजव्याचे दिसत नव्हते. क्ष-किरण तपासणीत खुराच्या आत मागच्या बाजूला असलेल्या नॅव्हिक्युलर हाडात जुने बदल आढळले. घोड्याच्या वजनाचा सुमारे 60 टक्के भाग पुढच्या पायांवर असतो, आणि भरधाव येऊन थांबण्याच्या व वळण्याच्या खेळात त्या टाचांवर किती भार पडत असेल याचा अंदाज कोणालाही येईल. हा आजार बरा होत नाही, आटोक्यात ठेवता येतो. पोलो खेळायला ती पुन्हा उभी राहणार नव्हती.

मी विचारले की मग त्या दिवशी ती इतकी नीट कशी चालली. त्यांनी सांगितले की फेनिलब्युटाझोनसारखे वेदनाशामक दिले तर असे दुखणे एक-दोन दिवस झाकले जाते, अ‍ॅसेप्रोमाझिनसारखे शामक थोडे दिले तर तापट घोडाही काही तास मवाळ वागतो, आणि गिऱ्हाईक येण्याआधी लांब दोरीवर तासभर गोल फिरवून घोड्याला दमवणे ही तर जुनीच युक्ती आहे. लोंबणारा ओठ आणि डोळ्याच्या कोपऱ्यातला पडदा यांचे मी वर्णन केले तेव्हा त्यांनी नुसतीच मान हलवली. रक्ताचा नमुना त्याच दिवशी घेतला, पण त्यात काहीही सापडले नाही. बारा दिवस उलटले होते. नमुना सौद्याच्या दिवशी घेऊन जपून ठेवलेला असता, तर आज माझ्या हातात पुरावा असता.

त्यानंतर त्यांनी तिचे ओठ वर उचलून वरच्या पटाशीच्या ओळीतला कोपऱ्याचा दात मला दाखवला. हिरडीपासून निघालेली एक तपकिरी खाच त्या दातावरून अर्ध्यापर्यंत खाली आली होती. गॅल्व्हेनची खाच म्हणतात ती हीच: सुमारे दहाव्या वर्षी हिरडीपाशी दिसू लागते, पंधराव्याच्या आसपास अर्धा दात गाठते आणि विसाव्याच्या सुमारास दाताच्या टोकाला पोहोचते. दातांवरून वय वर्षभराच्याही फरकाने अचूक सांगता येत नाही, हे त्यांनी स्पष्ट केले. पण 9 वर्षांच्या घोडीच्या दातावर अशी खाच असत नाही. मग आम्ही ओळखपत्र उघडले. त्यातल्या आकृतीत कपाळावर केसांचे दोन भोवरे दाखवले होते. माझ्या घोडीच्या कपाळावर एकच भोवरा आहे. मानेवर फिरवलेल्या यंत्राने मायक्रोचिपचा जो 15 अंकी क्रमांक दाखवला, तो कागदावरच्या क्रमांकाशी जुळत नव्हता. मला दिलेले कागद दुसऱ्याच एका तांबूस घोडीचे होते. यंत्र फिरवायला आणि भोवरे मोजायला मिळून पाच मिनिटेही लागली नसती.

त्या खऱ्या क्रमांकावरून मी तिच्या आधीच्या मालकापर्यंत पोहोचले. ते सभ्य गृहस्थ निघाले आणि माझे बोलणे ऐकून बराच वेळ गप्प राहिले. घोडी त्यांच्याकडे अकरा हंगाम खेळली होती. टाचा गेल्यावर त्यांनी ती अगदी थोड्या रकमेत याच माणसाला दिली होती, तीही तिला फक्त पैदाशीसाठी ठेवायचे आणि तिच्यावर कोणी बसायचे नाही, अशा शब्दावर. त्यांनी मला त्या वेळचा पत्रव्यवहार दाखवला, आणि हीच एक गोष्ट आज माझ्या बाजूने आहे.

हे सारे घेऊन मी त्या माणसाकडे गेले तेव्हा त्याने कानांवर हात ठेवले. घोडी त्याच्याकडून ठणठणीत निघाली होती, तुम्ही तिला चुकीची वापरली असेल, कागद देताना नोकराकडून अदलाबदल झाली असेल, आणि शेवटी तुमच्या सहीची चिठ्ठी आहे, असे तो म्हणाला. त्यानंतर त्याने फोन उचलणे बंद केले. मी वकिलामार्फत नोटीस दिली आहे. पैसे परत मिळतील असे मी धरून चाललेले नाही, पण आहे त्या स्थितीत असे लिहून दिले म्हणून दुसऱ्याच घोडीचे कागद देण्याची मुभा मिळत नाही, असे वकिलांचे मत आहे आणि तोच मुद्दा मी लढवणार आहे.

आता कोणी मला घोडा पाहायला सोबत बोलावले तर मी ठरलेल्या वेळेच्या दीड तास आधी पोहोचण्याचा आग्रह धरते. घोडा ठाणावर, अंगावर काही नसताना पाहायचा असतो. खोगिराखालची जागा कोरडी आणि गार आहे का ते हाताने चाचपायचे, पट्ट्या आपल्यासमोर सोडवायच्या, मग थंड अंगानेच त्याला कडक जमिनीवर दोन्ही बाजूंनी गोल चालवून घ्यायचे. आधी मालकाला किंवा त्याच्या माणसाला वर बसवायचे. पशुवैद्य आपला असावा आणि त्याचे पैसे आपण द्यावेत. रक्त त्याच दिवशी काढून ठेवावे. यातल्या कोणत्याही गोष्टीला प्रामाणिक विक्रेता हरकत घेत नाही. गेल्या काही महिन्यांत मी तिघांकडे गेले, तिघांनीही उलट आनंदाने सहकार्य केले. उद्या दुसरा येणार आहे असे ऐकताच मात्र त्या दुसऱ्याला घोडा खुशाल घेऊ द्यावा.

घोडी माझ्याकडेच आहे. बंद नाल पुन्हा बसवली आहे, वजन थोडे उतरवले आहे, सकाळ-संध्याकाळ ती मऊ जमिनीवर सावकाश चालते. बहुतेक वेळ ती पुढचा डावा पाय किंचित पुढे टेकवून उभी असते, थोड्या वेळाने उजवा पुढे करते. तिला कोणाच्याही गळ्यात मारण्याचा विचार माझ्या मनात आलेला नाही, जरी तसा सल्ला देणारे दोघे जण भेटले. तिच्यासोबत आलेले खोटे कागदही मी जपून ठेवले आहेत. ते कोणत्यातरी दुसऱ्या, कपाळावर दोन भोवरे असलेल्या 9 वर्षांच्या तांबूस घोडीचे आहेत. ती घोडी जिवंत असेल, तर आज ती कोणाच्या कागदांवर विकली जात असेल हे मला ठाऊक नाही, म्हणून घोडी घेणाऱ्या प्रत्येकाला मी तिच्या कपाळावरचे भोवरे मोजायला सांगते.